जुन्या फ्रेंच नोटा: किंमत नेमकी कशावरून ठरवावी?

करकरीत

मी बरीच वर्षे भारतीय नोटा जमवत आलो आहे आणि अलीकडे फ्रान्सच्या जुन्या नोटांकडे वळलो आहे. आपल्याकडे गव्हर्नरची सही, क्रमांकाच्या पट्टीतले अक्षर आणि नोटेची अवस्था एवढे पाहिले की किमतीचा साधारण अंदाज येतो. बांक द फ्रांस या फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेच्या नोटांना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्या बँकेच्या विसाव्या शतकातील बहुतेक नोटांवर दिवस, महिना आणि वर्ष अशी पूर्ण तारीख छापलेली असते. शिवाय अक्षर आणि आकडा मिळून छपाईच्या गटाची खूण असते. तिला तिथले संग्राहक ‘आल्फाबे’ म्हणतात.

उदाहरणासाठी तरुण शेतकऱ्याचे चित्र असलेली 100 फ्रँकची नोट घ्या. ती 1945 ते 1954 या काळात छापली गेली आणि फ्रेंच नोटांच्या फायेत या संग्राहक-सूचीत तिचा क्रमांक 28 आहे. चित्र आणि आकार तेच असले तरी सूचीत प्रत्येक तारखेला वेगळा उपक्रमांक आहे आणि किमतीही वेगवेगळ्या आहेत. याउलट पिकच्या जागतिक सूचीत अनेक तारखा एका क्रमांकाखाली येतात. त्यामुळे आपल्याकडचे विक्रेते पिकचा क्रमांक सांगून सगळ्या तारखा एकाच भावाने विकतात किंवा विकत घेतात.

माझे मत असे आहे की फ्रेंच नोटेच्या बाबतीत आधी तारीख आणि आल्फाबे पाहावे, नंतर अवस्था पाहावी, आणि त्रयस्थ तज्ज्ञांनी तपासून दिलेल्या प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटावरच्या गुणांना सगळ्यात शेवटी विचारात घ्यावे. ज्यांनी या नोटा प्रत्यक्ष हाताळल्या आहेत, त्यांनी हा क्रम बरोबर आहे का ते सांगावे.

जुना_तिजोरीदार

तारखेचे महत्त्व मान्य आहे, पण अवस्थेला दुसरे स्थान देण्यापूर्वी फ्रेंच नोटांची एक खास गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, ती म्हणजे टाचणीची भोके. फ्रान्समध्ये नोटांच्या गड्ड्या टाचणीने टोचून एकत्र ठेवण्याची पद्धत होती आणि ती बँकांपासून दुकानदारांपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यामुळे एकही घडी नसलेल्या, हातात कुरकुरणाऱ्या नोटेलासुद्धा दोन-चार भोके असू शकतात. आपल्या बँकांत नोटांच्या पुडक्यांना पिना मारल्या जात. रिझर्व्ह बँकेने 2001 साली ती पद्धत बंद करायला लावली, तरी त्याआधीच्या कितीतरी कोऱ्या भारतीय नोटांवर पिनेचे दोन छेद दिसतात आणि आपला संग्राहक ते समजून घेतो. फ्रेंच संग्राहकही भोकांकडे तसेच पाहतो, मात्र ती मोजतो.

भोके पाहण्यासाठी नोट टेबलावर ठेवून उपयोग नाही. ती दोन्ही कडांनी धरून खिडकीसमोर उभी करावी आणि डोळा आधी डावीकडच्या भागावर, मग जलचिन्हावर फिरवावा. टाचणी वारंवार त्याच जागी गेली असेल तर भोके एकमेकांना चिकटून लहानशी फट तयार झालेली दिसते. टाचणी गंजलेली असेल तर भोकाभोवती तांबूस कडी उमटते, आणि माझ्या मते असा गंज साध्या भोकापेक्षा अधिक वाईट, कारण तो कागदात पसरत जातो. मोठ्या मूल्याच्या नोटा अधिक टोचल्या गेल्या. म्हणून 5000 किंवा 10000 फ्रँकची बिनभोकाची नोट समोर आली की तारीख कितीही साधी असली तरी तिला जास्त किंमत द्यायला मी तयार असतो.

रेवती_ल्यों

मी गेली काही वर्षे फ्रान्समध्ये राहते. पॅरिसमध्ये शेअर बाजाराच्या जुन्या इमारतीजवळ, व्हिव्हिएन आणि रिशेल्यू या रस्त्यांवर नाणी-नोटांची जुनी दुकाने आहेत, तिथे जाणे होते. तिथले विक्रेते 70 गुणांच्या अमेरिकन मोजपट्टीत बोलत नाहीत. त्यांची चढती पायरी बो, त्रे बो, त्रे त्रे बो, स्युपेर्ब, स्प्लांदीद आणि नफ अशी आहे, आणि नफ म्हणजे छापखान्यातून आल्यासारखी नोट. तिजोरीदार म्हणतात ती भोके या पायऱ्यांत आधीच धरलेली असतात. त्रे त्रे बो दर्जाच्या नोटेला काही भोके असणे कोणालाही खटकत नाही, स्प्लांदीद नोटेला मात्र ती असली तर विक्रेता वर्णनात तसे वेगळे लिहितो. म्हणून दोन मोजपट्ट्यांची सरळ बरोबरी करून किंमत काढणे धोक्याचे आहे.

भोकांपेक्षा मला धुतलेल्या आणि दाबलेल्या नोटांची जास्त भीती वाटते. कोणीतरी मळकी नोट पाण्यात बुडवून, वजनाखाली सपाट करून, दोन पायऱ्या वरच्या दर्जाने विकतो. पूर्वीच्या फ्रेंच नोटांचा कागद पातळ असतो आणि बोटांनी हलवला की त्याचा स्पष्ट आवाज येतो. धुतल्यावर तो आवाज जातो. इस्त्री केली तर कागदाला पुन्हा ताठपणा येतो, पण तो खोटा वाटतो आणि पृष्ठभाग अवाजवी गुळगुळीत होतो. दिवा अगदी बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरला की मोडलेल्या घडीवर शाई तुटल्याची बारीक पांढरी रेघ दिसते. कागद सपाट करता येतो, पण गेलेली शाई परत येत नाही. नोट साबणाच्या पावडरीने धुतली असेल तर अतिनील दिव्याखाली ती निळसर पांढरी चमकते.

घाटमाथा

वडिलांच्या जुन्या डायरीत व्हॉल्टेअरचे चित्र असलेली 10 फ्रँकची एक नोट मिळाली. तिचे काय येईल?

करकरीत

@घाटमाथा, ही नोट 1963पासून छापली गेली आणि फार मोठ्या संख्येने उपलब्ध आहे. वापरलेल्या अवस्थेत ती थोड्या युरोंत मिळते. बँकेत बदलून घेण्याचा मार्ग आता उरलेला नाही, कारण फ्रँकच्या शेवटच्या नोटा बदलून घेण्याची मुदतही 17 फेब्रुवारी 2012 रोजी संपली. तारीख आणि आल्फाबे इथे लिहा, एखादी कमी आढळणारी तारीख असेल तर गोष्ट वेगळी. वडिलांच्या डायरीतली म्हणून ती जवळ ठेवावी असे मला मनापासून वाटते.

शहाबाजगढी

सीलबंद पाकिटाला सगळ्यात शेवटचे स्थान देणे मला पटत नाही. रेवतीताई पॅरिसच्या दुकानात नोट हातात घेऊन बाजूने दिवा धरू शकतात. नागपूर किंवा कोल्हापुरात बसून परदेशी लिलावात बोली लावणाऱ्या माणसाकडे फक्त छायाचित्र असते आणि त्यात धुतलेली नोट कोरी दिसते. अशा वेळी त्रयस्थ तज्ज्ञाने नोट तपासून मूळ कागदाची खात्री दिलेली असेल आणि टाचणीची भोके, चिकटवलेली फाट, पुसलेली शाई यांची नोंद पाकिटावर केलेली असेल, तर त्या नोंदीला पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. मी तर गुणांपेक्षा त्या बारीक अक्षरातल्या नोंदीच आधी वाचतो.

तुमचा तारखेचा आग्रह योग्य असला तरी तो खरेदीदाराच्या बाजूने पाहा. भारतात तारीखवार संग्रह करणारे फार थोडे आहेत. इथे दुर्मीळ तारखेची मळकी नोट विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळत नाही, आणि साध्या तारखेची कोरी नोट त्याच दिवशी जाते. सूचीतली किंमत आणि हातात येणारी किंमत यांत एवढा फरक पडत असेल, तर किंमत म्हणजे काय हे आधी ठरवायला हवे.

रेवती_ल्यों

@शहाबाजगढी, दूर राहून खरेदी करणाऱ्याची अडचण मला पूर्ण मान्य आहे. तरीही विक्रेत्याला बाजूने प्रकाश टाकून काढलेले आणि खिडकीसमोर धरून काढलेले अशी दोन छायाचित्रे मागता येतात. चांगला विक्रेता ती देतो आणि जो देत नाही त्याच्याकडून घेऊच नये. बाजार भारतातच असला पाहिजे असेही नाही. तारखेची दुर्मीळ नोट फ्रान्समधल्या लिलावात पाठवली तर तिथे तिला ओळखणारे लोक आहेत.

ग्रंथपाल_सातारा

तारीख आणि अवस्था यांच्या आधी एक तिसरी गोष्ट विचारात घ्यावी असे मला वाटते: त्या प्रकारच्या नोटा किती छापल्या यापेक्षा किती वाचल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, 4 ते 15 जून 1945 या काळात, फ्रान्सने 50 फ्रँक आणि त्यावरील नोटा सक्तीने बदलून घेतल्या. जुन्या नोटा बँकेत जमा करून नव्या घ्याव्या लागल्या, त्यामुळे कोणाकडे किती रोकड आहे हे सरकारला कळले आणि जमा न झालेल्या नोटा निकामी ठरल्या. 5, 10 आणि 20 फ्रँकच्या नोटांना हा नियम नव्हता. जानेवारी 1948मध्ये 5000 फ्रँकच्या नोटाही अचानक चलनातून काढल्या गेल्या.

300 फ्रँकची नोट याच घडामोडीमुळे ओळखली जाते. ती 1938 आणि 1939 मध्ये छापून राखीव ठेवली होती आणि लोकांच्या हातात आली ती थेट जून 1945च्या अदलाबदलीत. हे ठाऊक नसलेल्या माणसाला वाटते की ही नोट युद्धाची सगळी वर्षे बाजारात फिरली असेल. तिची किंमत तिच्या असामान्य मूल्यामुळे आणि थोडा काळ चलनात राहिल्यामुळे आहे, आणि तारखेचा भाग त्यात नंतरचा आहे.

जुना_तिजोरीदार

ग्रंथपालांनी फार चांगला मुद्दा मांडला. मात्र एक शंका आहे. सुलीचे चित्र असलेली 100 फ्रँकची नोट 1939 ते 1942 या काळातली आहे, म्हणजे ती 1945च्या सक्तीत सापडली. तरीही ती आजसुद्धा कुठेही स्वस्तात मिळते. मग सक्तीने नोटा संपल्या असे कसे म्हणावे?

ग्रंथपाल_सातारा

आपली शंका रास्त आहे. युद्धकाळात जर्मन ताब्याचा खर्च फ्रान्सच्या माथी मारला गेला आणि तो भागवण्यासाठी चलनातील नोटांचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. सुलीची नोट ही त्या काळातली रोजच्या व्यवहाराची नोट होती. एवढ्या अफाट छपाईतला अगदी लहान हिस्सा कपाटांत राहून गेला तरी संग्राहकांना पुरून उरतो. शिवाय 100 फ्रँक बुडाले तर सामान्य घराला ते सोसण्यासारखे होते, 5000 फ्रँकची नोट मात्र कोणी विसरून बसत नाही. म्हणून मूल्य जितके मोठे तितकी वाचलेली नोट विरळ, असा माझा समज आहे.

पाँडिचेरीचा_पाहुणा

आपल्याला सर्वांत जवळची फ्रेंच नोट अजून कोणी काढलेली नाही. 1875मध्ये स्थापन झालेल्या बांक द लांदोशिन या बँकेने पाँडिचेरीत शाखा उघडली आणि भारतातील फ्रेंच वसाहतींसाठी रुपयांत नोटा काढल्या. त्यांवर मूल्य फ्रँकमध्ये नव्हे तर ‘रुपी’ या फ्रेंच शब्दाने लिहिलेले आहे. 1 नोव्हेंबर 1954 रोजी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला आणि त्या चलनाचा प्रश्नच संपला.

या नोटांना ‘करकरीत’ यांचा क्रम लावून पाहा. त्या बांक द फ्रांसच्या नोटा नाहीत. छपाई मुळातच थोडी, वापर एका लहान प्रदेशापुरता, हवा दमट आणि खारी. कोरी नोट मिळणे जवळजवळ अशक्य. शिवाय मागणी दोन्हीकडून येते, वसाहतींच्या नोटा जमवणारे फ्रेंच लोक एकीकडे आणि भारतीय उपखंडातला प्रत्येक तुकडा आपल्या संग्रहात हवा असणारे आपण दुसरीकडे. मी अशा नोटेच्या बाबतीत फाटलेली कड, डाग, घड्या सगळे स्वीकारतो आणि एवढेच पाहतो की ती खरी आहे ना आणि तिला नव्या कागदाचे ठिगळ लावलेले नाही ना.

नाणेघाट

वय आणि किंमत यांचा संबंध किती सैल असतो हे पाहायचे असेल तर राज्यक्रांतीतली आसिन्या पाहावीत. चर्चच्या जप्त केलेल्या जमिनींच्या तारणावर 1789पासून ही कागदे काढली गेली. 1796पर्यंत एकूण सुमारे 45 अब्ज लिव्र (फ्रँकच्या आधीचे फ्रेंच चलन) एवढा कागद बाहेर पडला आणि त्याची किंमत मातीमोल झाली. 19 फेब्रुवारी 1796 रोजी पॅरिसच्या व्हांदोम चौकात ती छापण्याची साधने जाहीरपणे नष्ट करण्यात आली. सव्वादोनशे वर्षे उलटली तरी लहान मूल्याची अनेक आसिन्या आज विसाव्या शतकातल्या मध्यम प्रतीच्या नोटेपेक्षा स्वस्त मिळतात.

ज्यांना इतिहास हातात धरायचा आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी असे मी आवर्जून सांगेन. 1791च्या 5 लिव्रच्या कागदावर कोर्सेल अशी सही दिसते. अनेक आसिन्यांवर खोटी नोट करणाऱ्याला कायदा मृत्युदंड देतो आणि त्याची खबर देणाऱ्याला राष्ट्र बक्षीस देते, असा मजकूर आहे. कागद उजेडात तिरका धरला की बिनशाईचा उठावाचा शिक्का दिसतो आणि बोटालाही जाणवतो. त्या काळात इंग्लंडमधून खोटी आसिन्या मोठ्या प्रमाणावर आणली गेली, आणि ती तत्कालीन खोटी कागदेही आज आवडीने जमवली जातात. आधुनिक स्मरणवस्तू म्हणून छापलेल्या नकला मात्र वेगळ्या आणि त्यांना काही मोल नाही. त्याही आधीच्या, जॉन लॉ या स्कॉटिश अर्थतज्ज्ञाने फ्रान्समध्ये चालवलेल्या बँकेची 1 जुलै 1720 तारखेची 10 लिव्रची नोट घेतानाही हीच काळजी घ्यावी.

घाटमाथा

खोटी नोट खऱ्यापेक्षा महाग असू शकते का?

नाणेघाट

होय. जन्माने पोलिश असलेला चेस्लाव बोयारस्की हा अभियंता फ्रान्समध्ये स्वतःच्या घरात एकट्याने कागदापासून जलचिन्हापर्यंत सगळे तयार करून नोटा बनवत असे. बोनापार्टच्या चित्राची 100 नव्या फ्रँकची नोट त्याने इतकी हुबेहूब केली की बँकेलाही त्रास झाला. जानेवारी 1964मध्ये तो पकडला गेला. त्याने केलेली ती नोट आज लिलावात खऱ्या नोटेच्या अनेक पटींनी जाते. नवख्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, कारण साधी खोटी नोट बोयारस्कीची म्हणून गळ्यात मारणे सोपे आहे.

शहाबाजगढी

नव्या फ्रँकचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. 1 जानेवारी 1960 रोजी 100 जुन्या फ्रँकचा 1 नवा फ्रँक झाला. संक्रमणासाठी चार जुन्या नोटांवर नव्या मूल्याचा शिक्का छापला गेला: व्हिक्टर ह्युगोच्या 500वर 5, रिशेल्यूच्या 1000वर 10, चौथ्या हेन्रीच्या 5000वर 50 आणि बोनापार्टच्या 10000वर 100. साध्या नोटेपेक्षा शिक्क्याच्या नोटेला जास्त किंमत येते, म्हणून साध्या नोटेवर मागाहून खोटा शिक्का मारण्याचा मोह होतो. इथे मी ‘करकरीत’ यांच्या बाजूला येतो. शिक्का ठराविक तारखांच्याच नोटांवर मारला गेला होता. नोटेवरची तारीख सूचीतल्या त्या यादीत नसेल तर शिक्का कितीही सुबक असो, नोट घेऊ नये.

रेवती_ल्यों

अगदी बरोबर. छपाईतल्या चुकांनाही हाच विचार लावावा. 1993मध्ये आलेल्या सेंत-एक्झ्युपेरीच्या 50 फ्रँकच्या पहिल्या नोटांवर लेखकाच्या नावातल्या एका अक्षरावर नको असलेली खूण पडली आणि नंतर ती दुरुस्त झाली. चूक प्रसिद्ध झाली म्हणून काही विक्रेते अवाच्या सवा भाव सांगतात. पण चुकीच्या नोटाही भरपूर छापल्या गेल्या होत्या, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

करकरीत

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आता माझ्यासमोर खरोखर निवड आहे. रिशेल्यूच्या 1000 फ्रँकच्या दोन नोटा एकाच किमतीत देऊ केल्या आहेत. पहिली 1955ची साधी तारीख, स्युपेर्ब म्हणून सांगितलेली, मधोमध एक हलकी घडी आणि भोके नाहीत. दुसरी 1953ची अगदी सुरुवातीच्या आल्फाबेची, त्रे बो, चार घड्या, डावीकडे भोकांचा पुंजका आणि एका कोपऱ्यात गंजाचा डाग. माझ्या क्रमानुसार दुसरी घ्यायला हवी. ग्रंथपालांचा मुद्दा आणि भोकांविषयीचे सगळे वाचल्यावर मन पहिलीकडे झुकते आहे.

जुना_तिजोरीदार

गंज आहे म्हणता, तर दुसरी नको. तारीख पुन्हा कधीतरी बऱ्या अवस्थेत समोर येईल, पण गंज कागद खात राहील आणि शेजारच्या नोटेलाही लागेल. कुठलीही नोट ठेवताना पीव्हीसीची पाकिटे टाळा आणि पॉलिएस्टरची वापरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विशेष जपावे लागते.

शहाबाजगढी

मी दुसरीच घेईन, पण निम्म्या किमतीत. सुरुवातीच्या आल्फाबेच्या नोटा शोधणारे फ्रान्समध्ये आहेत हे रेवतीताईंनीच सांगितले आहे. दोन्हींची किंमत एकच सांगणाऱ्या विक्रेत्याला एक तर तारखेचे मोल कळत नाही किंवा अवस्थेचे, आणि त्यामुळे भाव करायला भरपूर जागा आहे.

रेवती_ल्यों

मी पहिली घेईन, मात्र एका अटीवर. हलकी घडी असूनही एकही भोक नसलेली रिशेल्यू असू शकते, पण त्या घडीवर शाई शाबूत आहे का हे पाहिल्याशिवाय तिला स्युपेर्ब म्हणता येणार नाही. घडी दाबून हलकी केलेली असेल तर ती मुळात त्रे त्रे बो आहे आणि सांगितलेली किंमत जास्त आहे. मागच्या बाजूचे, दिवा डावीकडून धरून काढलेले छायाचित्र मागवा आणि इथे टाका. फायेतमधली त्या तारखेची दोन्ही दर्जांची किंमत मी माझ्या प्रतीतून पाहून लिहिते.

करकरीत

विक्रेत्याला आत्ताच लिहिले आहे. छायाचित्र आले की याच धाग्यावर देतो, आणि दुसऱ्या नोटेसाठी निम्म्या किमतीचा प्रस्तावही पाठवला आहे. तो मान्य झाला तरी गंजाची नोट संग्रहातल्या बाकीच्या नोटांपासून वेगळी ठेवीन.